नेम धरण्याआधी जागा धरा

बंदूक घेतली, काडतुसं घेतली, कानांवर चढवायचे जाडजूड मफ घेतले, आणि मग लक्षात आलं की बार उडवायचा कुठे हे कोणी सांगितलंच नव्हतं. घाबरू नका. नेमबाजीसाठी कायदेशीर जागा शोधणं वाटतं तितकं किचकट नाही. फक्त ते शोधण्याचं काम आपण करायचं नसतं, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, रेंजचं, म्हणजे नेमबाजीसाठी बांधलेल्या मैदानाचं, खूळ डोक्यातून काढा. तिथे शिस्त असते. रेंज ऑफिसर ‘थांबा’ म्हणाला की थांबायचं, बंदूक रिकामी करून, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) उघडा ठेवून टेबलावर ठेवायची आणि रेषेमागे मुकाट उभं राहायचं. का, तर म्हणे कोणीतरी टार्गेट बदलायला पुढे गेलंय. तुमच्यासारख्या मुरलेल्या माणसाने हे ऐकून घ्यायचं? वर शेजारच्या हॉलमध्ये एखादी शाळकरी पोर १० मीटरवरून एअर रायफल चालवत असते. तिच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा, आणि ती त्यात छर्ऱ्यामागून छर्रा घालत असते. तुमच्या कागदाचं मधलं वर्तुळ मात्र अजून कोरं करकरीत. मोकळ्या रानात तुमचा कागद बघायला कोणी येत नाही, हा त्या जागेचा सर्वात मोठा गुण.

तेव्हा रानच गाठा. आता रान कोणाचं, हा प्रश्न नतद्रष्ट लोक विचारतात. नकाशा उघडून जमीन सरकारी की खासगी हे पाहावं, खासगी असेल तर मालकाची परवानगी घ्यावी, सरकारी असेल तर त्या खात्याच्या कचेरीत फोन करून सध्या बंदी आहे का ते विचारावं, असा त्यांचा सल्ला असतो. एका फोनचं काम आहे, आणि म्हणूनच ते करू नये. विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालं की ‘मला माहीतच नव्हतं’ हे हुकमी वाक्य हातचं जातं.

अमेरिकेत तर चैनच आहे. तिथल्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर सार्वजनिक जमीन आहे आणि मनाई केलेली ठिकाणं सोडली तर तिच्यावर बहुतेक जागी नेमबाजी चालते. राष्ट्रीय वनांमध्येही चालते, फक्त घर, इमारत, तंबूंची जागा किंवा माणसांचा वावर यांपासून १५० यार्डांच्या आत नाही, आणि रस्त्यावर, रस्त्यापलीकडे किंवा पाण्यावर तर नाहीच. १५० यार्ड म्हणजे साधारण १३७ मीटर. हे अंतर नजरेने मोजायचं असतं, आणि नजर आपली असल्यामुळे ते नेहमी पुरेसं भरतं.

जागा योग्य आहे हे ओळखायची खूण सांगतो. तिथे फ्रीज असतो. मी पाहिलेला एक फ्रीज गवतात आडवा पडला होता. गोळी शिरली त्या बाजूला भोकं गोल, नीटनेटकी. पलीकडच्या बाजूला पत्रा पाकळ्या उमलल्यासारखा बाहेर आलेला, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला गंज. आजूबाजूला टीव्हीची काच, रंगाचे डबे, तुटक्या क्ले टार्गेटांच्या (हवेत भिरकावून उडवायच्या चकत्यांच्या) केशरी खापऱ्या, आणि पुंगळ्या तर इतक्या की चालताना पायाखालून घरंगळत होत्या. इतका उकिरडा म्हणजे जागा नक्की कायदेशीर, हे वेगळं सांगायला नको. आपण फक्त परंपरा पुढे चालवायची. घरचा बिघडलेला मिक्सर घेऊन जा. येताना मात्र काही आणू नका. गाडी घाण होते.

गोळी थांबवायला मागे मातीचा उंच बांध किंवा टेकडीचा उतार हवा, असं एक जुनं फॅड आहे. .२२ बोअरच्या चिमुकल्या काडतुसांच्या खोक्यावर ‘पल्ला दीड मैल’ असा इशारा छापण्याची पद्धत होती. म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. पण अडीच किलोमीटरवर जे कोणी असेल त्याची आणि आपली ओळख नाही, मग संबंध काय? टार्गेट टेकडीच्या माथ्यावर, मागे निळं आकाश येईल असं लावा. फोटो फार छान येतो. पाणी किंवा सपाट दगड मिळाला तर दुधात साखर. गोळी त्यावर आपटून कुठे जाईल याचा पत्ता गोळीलाही नसतो.

उन्हाळा हा खास मोसम, कारण गवत वाळलेलं असतं आणि टार्गेट स्वच्छ दिसतं. पोलादी गाभ्याच्या गोळ्या दगडावर बसल्या की ठिणगी पडते. निव्वळ तांब्याच्या गोळीचे तापलेले तुकडेही गवत पेटवू शकतात, असं अमेरिकी वनखात्याच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रयोग करून दाखवलं. त्याहून जोरकस काही हवं असेल तर फुटणारी टार्गेटं मिळतात. दोन पुडी कालवायच्या आणि लांबून रायफलची गोळी घालायची. २०१७ च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनात एका गृहस्थांनी होणारं बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करण्यासाठी असंच टार्गेट उडवलं. निळा धूर निघाला, म्हणजे मुलगा. पाठोपाठ जो दुसरा धूर निघाला त्यात जवळपास ४७ हजार एकर जळाले आणि नुकसान ८० लाख डॉलरांच्या वर गेलं. गृहस्थ सीमा सुरक्षेच्या नोकरीत होते, म्हणजे बंदूक हाताळण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले. तुमच्याकडे तेवढंही नाही, त्यामुळे तुम्ही निश्चिंत असा.

कागदी टार्गेट न्यायला विसरलात तर झाडं आहेतच. याच ॲरिझोनात १९८२ मध्ये एक तरुण वाळवंटातल्या सग्वारो निवडुंगांवर शॉटगन चालवत होता. सग्वारोला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, तरी तो बिचारा पळत नाही, म्हणून टार्गेट उत्तम. एक छोटा आडवा केल्यावर गड्याने सुमारे आठ मीटर उंचीच्या एकाला गाठलं, जवळ उभं राहून बार काढले, आणि त्या निवडुंगाचा भलाथोरला हात तुटून त्याच्याच अंगावर आला. तरुण जागीच गेला. लोक त्या गोष्टीवर हसतात. मला हसू येतं आणि मग जरा वेळ येत नाही. असो, सल्ला एवढाच की निवडुंगावर लांबून गोळी घाला.

आता एवढं सगळं मनापासून दोन-तीन मोसम केलंत की एके शनिवारी तुम्ही पहाटे उठून, थर्मास भरून, मित्राला गाडीत घालून निघाल आणि ओळखीच्या वळणावर लोखंडी फाटक दिसेल. साखळी, कुलूप. इथे खचून जायचं नाही, चिडायचं. नेमबाजांची मुस्कटदाबी चालली आहे, जागाच उरलेल्या नाहीत, पर्यावरणवाल्यांनी देश विकत घेतलाय, असं मित्राला तावातावाने सांगा. तो मान डोलावेल. मागच्या वेळी फ्रीज त्याच्याच गाडीतून आला होता.

बोलता बोलता फाटकाशेजारच्या नव्या बोर्डाकडे लक्ष जाईल. ‘नेमबाजीस सक्त मनाई.’ अजून एकही भोक नाही. पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं, छातीइतक्या उंचीवर, ऊन नेमकं पाठीमागून. आणि आसपास चिटपाखरू नाही.