स्क्रीन वाढली, पण कुठल्या बाजूला?

गेल्या दोन-तीन आठवड्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. शाळासोबत्यांच्या, तालमीच्या, कारखान्याच्या आणि शेवटी नातेवाइकांच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘नवीन फोन घेताना सर्वांत मोठी स्क्रीन बघूनच घ्या. स्क्रीन जितकी मोठी तितकी अक्षरं मोठी. वयस्कर माणसांना वाचायला सोपं, मुलांच्या डोळ्यांवर ताण नाही, बॅटरीही जास्त चालते. छोटे फोन कुणालाच नको होते, म्हणूनच कंपन्यांनी ते बंद केले.’

खाली आत्याचा प्रश्न होता, “मग मी सहा पॉइंट आठचाच घेऊ काय रे?” आत्याला पेन्शनवर घर चालवायचं असतं. फोनसाठी तिनं पंधरा हजार बाजूला ठेवलेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला मुद्दा अक्षरांचा, आणि सगळी गल्लत इथंच आहे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो, बारीक माप घ्यायचा व्हर्नियर रोज हातात असतो. ड्रॉवरमध्ये माझा जुना साडेपाच इंची फोन पडून होता आणि भाच्याकडं साडेसहा इंची नवा होता. दोन्ही चालू करून टेबलावर शेजारी ठेवले आणि फक्त उजेड दिसतो तेवढा भाग मोजला. जुन्याची रुंदी ६८.५ मिलिमीटर. नव्याची ६७.८. मी परत मोजलं. तेच आलं. इंच एकानं वाढला आणि रुंदी पाऊण मिलिमीटरनं कमी झाली.

कारण साधं आहे. स्क्रीनचे इंच म्हणजे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, शाळेत शिकलो तो कर्ण. जुन्या फोनचं उंची-रुंदीचं प्रमाण १६:९ होतं, नव्याचं २०:९ आहे. पट्टी लांब केली की कर्ण वाढतो आणि खोक्यावर मोठा आकडा छापता येतो. उंची १२२ मिलिमीटरवरून १५० वर गेली. सगळी वाढ वरच्या बाजूला गेली.

आता आपण वाचतो कसं? आडव्या ओळीत. ओळीला जागा किती मिळणार ते रुंदी ठरवते. मराठी टाइप करताना कळफलकावरच्या कळा किती रुंद हेही रुंदीच ठरवते. जोडाक्षर लिहिताना बोट शेजारच्या कळीवर पडतं, ही तक्रार असलेल्या माणसाला या जास्तीच्या इंचातून काहीच मिळत नाही.

शिवाय अक्षराचा आकार स्क्रीन ठरवत नाही, फोनमधली सेटिंग ठरवते. लांब स्क्रीनवर फोन तेवढ्याच आकाराच्या चार-सहा ओळी जास्त दाखवतो. अक्षर मोठं हवं असेल तर सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली ‘फाँट साइझ’ असतं, ते वाढवावं लागतं. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपमध्ये चॅट्सच्या सेटिंगमध्येही अक्षराचा आकार बदलता येतो. हे आत्ता तुमच्या हातात आहे त्या फोनवर होतं, फुकटात.

दुसरा मुद्दा वयस्कर माणसांचा. यावर मला आईचंच सांगायचंय, कारण आमच्या घरीही हीच चूक झाली. भावानं मोठ्या प्रेमानं तिला ६.७ इंची फोन आणला. आई फोन एका हातात धरूच शकत नव्हती. डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताच्या तर्जनीनं दाबायचं. घरात बसून ठीक आहे. पण कपिलतीर्थ मंडईत डाव्या हातात पिशवी, उजव्या हातात सुटे पैसे, आणि त्यात फोन वाजला की तिची नुसती धांदल व्हायची. तिच्या पाकिटाची चेनही त्या फोनवर लागायची नाही, फोन वर डोकावायचा. दुसऱ्याच महिन्यात तो मेथीच्या जुडीवरून घसरून फरशीवर पडला आणि काच कोपऱ्यापासून तडकली.

मला जास्त लागलं ते वेगळंच. त्या दोन महिन्यांत ती फोनवरचं काही वाचतच नव्हती. नातीचे मेसेज आले की शेजारणीकडून वाचून घ्यायची. मी हातात घेऊन बघितलं तर अक्षरं दुकानातून आली तशीच बारीक होती. घरात चार शिकलेली माणसं, आणि एकानंही सेटिंग उघडली नव्हती. मी अक्षरं दोन पायऱ्या वाढवून दिली. आईनं फोन हातभर लांब धरला, मग जवळ घेतला आणि म्हणाली, “दिसतंय की रे आता!”

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं धूसर दिसतं. म्हणून तर आपल्याकडं त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात. त्याला उपाय नंबरचा चष्मा आणि मोठं अक्षर. स्क्रीनचा इंच त्याला पर्याय नाही.

इथं एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ज्यांची नजर फारच अधू आहे, ज्यांना अक्षर सगळ्यात मोठं करूनच वाचता येतं, त्यांना मोठी स्क्रीन खरंच लागते, नाहीतर ओळीत दोनच शब्द मावतात. नकाशा बघणारा ड्रायव्हर, फोनवरच पीडीएफ वाचून अभ्यास करणारी मुलगी, ड्रॉइंग बघणारे आमच्या कारखान्यातले लोक, यांनाही ती उपयोगाची आहे. त्यांनी जरूर घ्यावी, फक्त खोक्यावरच्या इंचाऐवजी रुंदी बघावी.

मुलांच्या डोळ्यांचं काय? फोन पाचचा असो की सातचा, तो हातातच धरला जातो, म्हणजे डोळ्यांपासून वीतभर-दीड वीत. डोळ्यांना शिणवतं ते हे जवळचं अंतर आणि न थांबता बघत राहणं. स्क्रीनकडं टक लावली की पापण्या कमी वेळा मिटतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात की दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडं २० सेकंद बघा. आणि लहान वयात चष्मा लागू नये म्हणून मुलं दिवसाउजेडी बाहेर असणं महत्त्वाचं आहे. पोराला रंकाळ्यावर तासभर पळू द्या. मोठ्या स्क्रीनवर व्हिडिओ जास्त रंगतो, त्यामुळं मूल उलट जास्त वेळ चिकटून बसतं, हे मी भाच्याच्या बाबतीत रोज बघतोय.

बॅटरीबद्दल अर्धं खरं आहे. मोठ्या फोनच्या पोटात जागा जास्त, म्हणून बॅटरी मोठी बसते. पण पेटवायची स्क्रीनही मोठी असते. वरच्याच दोन फोनांच्या मापानं नव्याचं क्षेत्रफळ जवळजवळ २२ टक्के जास्त भरतं. बॅटरी बघायची तर बॅटरीच बघा.

राहिला शेवटचा दावा, की छोटे फोन लोकांनाच नको होते. २००७ चा पहिला आयफोन साडेतीन इंची होता. २०११ मध्ये सॅमसंगचा ५.३ इंची ‘गॅलेक्सी नोट’ फोन आला तेव्हा लोक त्याला हसले, मग तोच खपला. २०१४ मध्ये ॲपलनंही ४.७ आणि ५.५ इंची आयफोन काढले. मोठी स्क्रीन लोकांना आवडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच २०१४ च्या आयफोनमध्ये होम बटणाला दोनदा बोट टेकवलं की वरचा भाग खाली सरकायची सोय द्यावी लागली, कारण अंगठा वर पोचत नव्हता. अँड्रॉइडमध्येही एका हातानं वापरायची अशी सोय आली. सोय द्यावी लागली म्हणजे अडचण कंपन्यांनाही दिसत होती.

लोक फोन कसा धरतात याचा अभ्यास करणारे स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, बसमध्ये, हॉटेलांत फोन वापरणाऱ्यांच्या १,३३३ नोंदी केल्या होत्या. त्यातले जे स्क्रीनला किंवा बटणांना बोट लावत होते, त्यांच्यापैकी ४९ टक्के फोन एका हातानं वापरत होते. तेव्हाचे फोन लहान होते, हे खरं. पण दुसऱ्या हाताचं काम त्यानंतर काही कमी झालेलं नाही. बसमध्ये दांडी धरावी लागते, कडेवर मूल असतं, हातात पिशवी असते. बायकांचा पंजा सरासरीनं पुरुषांपेक्षा लहान असतो आणि साडीला खिसा नसतो. चप्पल लाईनला गेलं की दुकानदार आधी पाय बघतो, मग नंबर काढतो. फोनच्या दुकानात आईचा हात कुणी बघितला नाही.

छोट्या फोनाचं उदाहरण म्हणून सगळे आयफोन १२ मिनीकडं बोट दाखवतात. २०२० साली आलेला, ५.४ इंची, पुढच्या वर्षी १३ मिनी, आणि २०२२ मध्ये मालिकेतून मिनी गायब. त्याचा खप भावंडांपेक्षा कमी होता, हे खरंच आहे. पण १२ मिनीची भारतातली सुरुवातीची किंमत ६९,९०० रुपये होती. आत्यासारख्या बाईनं तो घेतला नाही, यावरून तिला छोटा फोन नको होता असं कसं म्हणता येईल? तिच्या पंधरा हजारांत आज दुकानात गेलं तर जवळजवळ सगळे फोन साडेसहा इंचाच्या वरचेच समोर येतात. जे मांडलंच नाही ते गिऱ्हाइकानं नाकारलं कधी?

आत्याला मी फोनवर एवढंच सांगितलंय: एकटी जाऊ नको, रविवारी आपण मिळून राजारामपुरीत जाऊ. दुकानातच अक्षरं मोठी करून घ्यायची आणि तुझा चष्मा लावून एक मेसेज पूर्ण वाचायचा. मग फोन फक्त उजव्या हातात धरून अंगठा वरच्या डाव्या कोपऱ्याला लावून बघायचा. तुझं रोजचं पाकीटही आण, त्यात मावतो का ते तिथंच बघू. पाच-सहा फोन तरी हाताळायचे, आणि त्यातला सगळ्यात अरुंद, सगळ्यात हलका असेल तो आधी मागायचा.