एसटीत हवा

साताऱ्यात टायरमध्ये हवा भरायची म्हणजे पंक्चरवाला विचारायचा, "किती मारू?" आपण म्हणायचं, "मार तीस-पस्तीस," आणि चहाला जायचं. अमेरिकेत, फिनिक्सला जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, म्हणजे गाडीमागे ओढायचं वन-रूम-किचन, तेव्हा त्याला मी उदार मनाने चाळीस मारली. टायरची नक्षी खोल, रबर तुकतुकीत. बघून कुणीही मुलगी दिली असती.

त्यातला एक गेल्या वर्षी जूनमध्ये आय-17 महामार्गाच्या चढावर, ब्लॅक कॅनियन सिटीच्या पुढे फुटला. जाताना मडगार्ड, पायरी आणि खालचा पत्राही घेऊन गेला. शेजारच्या निवृत्त ट्रकवाल्याने मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले: 1416. म्हणजे 2016 च्या चौदाव्या आठवड्यातला जन्म! ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत. वर्षाचे अकरा महिने एका जागी उन्हात उभे राहून मरतात. नक्षी कितीही देखणी असो, पाच-सहा वर्षांत बदलायचे. मी स्थळ पाहिलं, पत्रिका पाहिलीच नाही. त्यात माझी चाळीस. हवा कमी असली की टायर दर फेऱ्याला चेपतो, तापतो आणि एक दिवस आतले थर सुटतात.

नवे आणले. नुकत्याच आलेल्या आईने त्यावरची 'एसटी' ही अक्षरं वाचली आणि हरखली.

"अगंबाई, इथेही एसटी?"

"आई, ते स्पेशल ट्रेलर."

"तेच ते. जादा गाडी."

आमची जादा गाडी लोड रेंज ई, म्हणजे जड ओझं पेलणारी. 80 पीएसआयला, म्हणजे माझ्या चाळीसच्या दुप्पट हवेला, एक टायर 2,830 पौंड उचलतो. म्हणून आधी ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर वजन केलं. टाकीतलं 40 गॅलन पाणीच 330 पौंडांच्या वर. आईचा दगडी खलबत्ता वेगळा.

खरी गंमत पुढे. हवा मोजायची ती टायर थंड असताना. जूनमधल्या फिनिक्समध्ये थंड! इथे नळाचं पाणीही गरम येतं. सकाळी नऊला मोजली तर उन्हाकडचे दोन 84, सावलीकडचे दोन 79. काढू की घालू? ट्रकवाला म्हणाला, "हात लावू नकोस. उद्या सूर्य उगवायच्या आत ये."

पहाटे चारला मी टॉर्च तोंडात धरून ट्रेलरखाली. कॉम्प्रेसर असा बोंबलत होता की गल्लीतली सगळी कुत्री जागी झाली. आई दारात आली. "काकडआरतीला उठला नाहीस कधी जन्मात."

चारही टायर 80. निघालो. वेग ताशी 60 मैलांच्या आत, आणि डोळे रस्त्यापेक्षा टायरची हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पडद्यावर जास्त. 85... 89... 92! हात शिवशिवत होते, पण तापलेल्या टायरची हवा सोडायची नसते. ही वाढ धरूनच थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो. त्या चढावर, मागच्या वर्षीच्या त्याच जागी, मी श्वास रोखला. आईने शांतपणे भाकरवडी खाल्ली.

फ्लॅगस्टाफला, सात हजार फुटांवरच्या विरळ हवेत, थांबलो. मागच्या सीटवर चिवड्याचं सीलबंद पाकीट टम्म फुगून बसलं होतं. आईने ते बोटाने दाबून पाहिलं.

"यातही ऐंशी मारलीस का रे?"