‘गावात जायला नको आणि रडायला हवं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएससारख्या शिक्षणाच्या, जागेसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या तरुण डॉक्टरांवर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती आधी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं: ही मुलं जनतेच्या पैशावर शिकतात, पण गावात जायला तयार नसतात, सगळ्यांना कमाईचं रेडिओलॉजी नाहीतर स्किन हवं असतं. शून्य पर्सेंटाइलला प्रवेश मिळतोय, मग स्पर्धेचं रडगाणं कशाला? तुमच्या लहानपणी एक एमबीबीएस डॉक्टर अख्खा तालुका सांभाळायचा. एमपीएससीची लाखो मुलं यापेक्षा वाईट अवस्थेत आहेत, त्यांच्यावर कोणी लिहीत नाही. आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंत की तुमची भाची दोन वर्षं घरी बसून नीट पीजीचा, म्हणजे पीजीच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करते आहे आणि घरच्यांना आता ते बघवत नाही.

तुम्ही स्वतःला निवृत्त शिक्षक म्हणवलंत, म्हणून सर म्हणते. मला तुमच्या प्रतिक्रियेतलं ते शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त लागलं. त्याच्याकडे येतेच, पण आधी गावाचं बोलू, कारण तुमचा खरा राग तिथे आहे.

केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत सामुदायिक आरोग्य केंद्रांसाठी लागणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांची तूट जवळपास ८० टक्के दाखवली आहे. ही केंद्रं म्हणजे आपल्याकडची ग्रामीण रुग्णालयं. तूट आहे ती सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन यांची. म्हणजे गावाला जो डॉक्टर हवा आहे तो पीजी झालेलाच हवा आहे. पीजीच्या मागे लागलेली मुलं आणि डॉक्टर नसलेलं गाव हे तुम्ही समोरासमोर उभे केलेत. मला ते एकाच रांगेत उभे दिसतात.

मी बॉण्डवर प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. माझ्या वेळी महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा बंधनकारक असायची, नाही केली तर दहा लाख रुपये भरावे लागायचे. तिथे एका रात्री बाळंतपणानंतर वार पडली आणि रक्तस्राव थांबेना. ऑक्सिटोसिन दिलं, दोन्ही हातांना सलाइन लावली, १०८ बोलावली. रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी, शस्त्रक्रिया करणारा हातही तिथेच. गाडीत संपूर्ण रस्ता मी तिचं गर्भाशय दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. ती वाचली. त्या वेळी मला जे येत होतं ते सगळं मी केलं होतं, आणि तिचा जीव ज्याच्यावर अवलंबून होता ते मला येत नव्हतं. मी पुढे स्त्रीरोग घेतलं. माझ्या ओळखीच्या कितीतरी मेडिकल ऑफिसरांना पीजीची ओढ अशाच एखाद्या केसनंतर लागलेली आहे. त्या ओढीला पैशाची हाव म्हणणं मला मान्य नाही.

तुमच्या लहानपणचा तो एमबीबीएस डॉक्टर मलाही आठवतो. पण तो ज्या व्यवस्थेत उभा होता ती आता राहिलेली नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. रुग्णांना दाद मागायला जागा मिळाली, हे चांगलंच झालं. पण ‘तुमच्याकडे या आजाराची पदवी नसताना तुम्ही हात का घातलात’ हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक एमबीबीएसच्या डोक्यावर असतो. तालुक्याच्या गावातसुद्धा ताप चार दिवस राहिला की नातेवाईक विचारतात, ‘एमडी कोणी आहेत का?’ खासगी हॉस्पिटलात एमबीबीएसला काम मिळतं ते बहुतेक वेळा रात्रपाळीच्या आरएमओचं, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याचं. आणि ज्यांना खरंच फॅमिली डॉक्टर व्हायचं आहे त्यांना त्याचं शिक्षण मिळत नाही. फॅमिली मेडिसिनचं एमडी देशात अगदी मोजक्या कॉलेजांत आहे, डीएनबी ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी आहे, पण तिथेही जागा थोड्या. ज्या डॉक्टरची तुम्हाला आठवण येते, तो घडवायची जागाच आपण फारशी ठेवलेली नाही.

त्यातच एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल वैद्यकीय वर्तुळाबाहेर कोणी बोलत नाही. पूर्वी तालुक्याच्या दवाखान्यांवर पाट्या असायच्या: डीजीओ, डीसीएच, डीए. या दोन वर्षांच्या पदविका. डीजीओ झालेली बाई सिझेरियन करायची, डीए झालेला भूल द्यायचा, डीसीएचवाला नवजात बाळ सांभाळायचा. त्या तीन माणसांवर तालुका चालायचा. २०१८ पासून पदविकेच्या जागा एमडी-एमएसच्या जागांत बदलायला परवानगी मिळाली आणि कॉलेजांनी धडाधड त्या बदलून घेतल्या. कागदावर पदवीच्या जागा वाढल्या. २०२० मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळाने काही विषयांत पदविका पुन्हा सुरू केल्या, ते बरं झालं, पण तुटलेली साखळी इतक्या लवकर जुळत नाही. मी आज उपजिल्हा रुग्णालयात काम करते. सिझेरियन मी करू शकते, पण भूलतज्ज्ञ खासगीतून बोलवावा लागतो, आणि तो दुसऱ्या गावात केसमध्ये अडकला असेल तर बाई पुढे पाठवावी लागते.

आता शून्य पर्सेंटाइल. इथे तुमचा गैरसमज नाही, तुमचा संताप योग्य आहे, फक्त तो चुकीच्या माणसावर निघतो आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने त्या वर्षीच्या नीट पीजीसाठी पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली. म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण समुपदेशनाला, म्हणजे जागावाटपाच्या फेऱ्यांना, पात्र. पण पात्र होणं आणि जागा मिळणं वेगळं. सरकारी कॉलेजातलं मेडिसिन, सर्जरी, बालरोग हे वरच्या रँकलाच संपतं. खाली उरतात त्या अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजीसारख्या, रुग्ण न बघता येणाऱ्या विषयांच्या न भरलेल्या जागा आणि खासगी नि अभिमत विद्यापीठांतल्या महागड्या जागा. काही अभिमत विद्यापीठांत रेडिओलॉजीची तीन वर्षांची फी एक कोटीच्या पुढे जाते. शेतकऱ्याच्या, एसटी कंडक्टरच्या मुलीचा रँक चांगला असतो, पण सरकारी जागेपासून थोडक्यात हुकतो. ती पुन्हा अभ्यासाला बसते. तिच्यापेक्षा खूप मागे असलेला, पण वडिलांकडे कोटभर रुपये असलेला उमेदवार त्याच वर्षी त्याच विषयात दाखल होतो. पात्रता खाली आणल्याने फायदा झाला तो त्या जागा विकणाऱ्यांचा. जागा भरण्यासाठी उंबरठा काढून टाकण्याऐवजी फी खाली आणली असती तर मुलं आपसूक मिळाली असती. कनिष्ठ डॉक्टरांचा राग नेमका यावर आहे, सर. तुमचाही यावरच आहे.

संख्येबद्दलही बोलते. २०२५ च्या परीक्षेला २ लाख ४२ हजारांच्या आसपास डॉक्टर होते. देशात पीजीच्या जागा २०१४ मध्ये ३१ हजारांच्या आसपास होत्या, आता ७० हजारांच्या वर आहेत. एका जागेमागे साधारण तीन-साडेतीन. एमपीएससीच्या मानाने हे काहीच नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्या मुलांचं दुःख मला कमी वाटत नाही, पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत दोन्हीकडची मुलं शेजारी शेजारीच बसलेली असतात. पण या ७० हजारांतून न परवडणाऱ्या जागा वजा करा, रुग्ण न बघता येणाऱ्या विषयांच्या वजा करा, मग जे उरतं त्यासाठी ही मारामारी आहे.

आणि मारामारी कशी, तर साडेतीन तास, दोनशे प्रश्न, आठशे गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. २०२४ पासून चाळीस प्रश्नांचा एकेक भाग, भागाला बेचाळीस मिनिटं, वेळ संपली की मागे जाता येत नाही. प्रश्नाला जेमतेम एक मिनिट. अशी परीक्षा घेऊच नये असं मी म्हणत नाही, एवढ्या मुलांना दुसरा मार्ग सोपा नाही. मला छळतं ते तिच्या सावलीत जाणारं इंटर्नशिपचं वर्ष. टाके घालायचे, नळी टाकायची, बाळंतपण करायचं, मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगायची, हे सगळं शिकायचं ते वर्ष. आमच्याकडे येणारे इंटर्न सही करून अभ्यासिका गाठतात. मी रागावले की म्हणतात, ‘मॅडम, क्यूबँक संपवायची आहे,’ म्हणजे सरावाचा प्रश्नसंच. त्यांना ओरडताना मला आतून माहीत असतं की टाके उत्तम आले म्हणून त्यांना एकही गुण मिळणार नाही. त्यानंतर ड्रॉप घेतलेली, म्हणजे काम न करता फक्त अभ्यासाला बसलेली, मुलं तर रुग्णापासून पूर्णच तुटतात. पंचविशीतला डॉक्टर, ज्याचा हात रोज तयार व्हायला हवा, तो दोन-दोन वर्षं एकाही पोटाला हात न लावता मॉक टेस्ट सोडवतो. यात त्या मुलाचं नुकसान आहेच. पण उद्या तो ज्याला तपासणार आहे, त्या रुग्णाचंही आहे.

एवढं करून तारीख तरी पक्की असावी ना? २०२४ ची परीक्षा आधी ३ मार्चला होती, मग ७ जुलै, मग २३ जून. २२ जूनच्या रात्री, पेपरला काही तास उरलेले असताना, ती पुढे ढकलली. मुलं शेकडो किलोमीटर प्रवास करून केंद्राच्या गावी लॉजवर उतरलेली. शेवटी ११ ऑगस्टला दोन सत्रांत झाली आणि दोन वेगळ्या पेपरांचे गुण सूत्राने जुळवले. कोणाच्या कुठल्या प्रश्नाचं काय झालं, हे तपासायला मुलांच्या हातात काही नव्हतं. २०२५ ला पुन्हा दोन सत्रं ठरली, मुलांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. ३० मेला न्यायालयाने एकच सत्र घ्यायला सांगितलं आणि १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टवर गेली. एक सत्र झालं हे योग्यच, पण हे वर्षभर आधी ठरवता येत नव्हतं का?

याची किंमत फक्त उमेदवार मोजत नाहीत. २०२१ ची परीक्षा कोविडमुळे सप्टेंबरपर्यंत गेली, मग आरक्षणाच्या खटल्यात समुपदेशन अडकलं, ते सुरू व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. तोपर्यंत सरकारी रुग्णालयांत पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टरच, म्हणजे पीजी शिकता शिकता वॉर्ड सांभाळणारे, नव्हते. तीन तुकड्यांचं काम दोन तुकड्यांनी ओढलं, आणि नेमकी तेव्हा ओमिक्रॉनची लाट आली. निवासी डॉक्टरला आठवड्याला ४८ तास काम असावं असं केंद्राने १९९२ सालीच लिहून ठेवलं आहे. वॉर्डात ते कोणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. आणि इतकं होऊन त्या वर्षीच्या १,४५६ जागा शेवटी रिकाम्याच राहिल्या.

‘मग परदेशात जा’ असंही तुम्ही जाता जाता लिहिलंत. गेलेत की काही. माझे दोन ज्युनिअर प्लॅब ही तिथली डॉक्टरांची परीक्षा देऊन इंग्लंडला गेले. तिथे २०२५ मध्ये तज्ज्ञ प्रशिक्षणाच्या दहा हजारांच्या आसपास जागांना तीस हजारांवर अर्जदार होते, आणि तिथले स्वतःचे कनिष्ठ डॉक्टरही यावरून संतापलेले आहेत. तिकडेही रांगच आहे.

मला या मुलांसाठी सवलत नको आहे. परीक्षेची तारीख वर्षभर आधी ठरावी आणि पाळली जावी. उत्तरतालिका दाखवावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सीट अडवून ठेवण्याच्या प्रकरणात उत्तरतालिका, मूळ गुण आणि खासगी कॉलेजांची फी समुपदेशनाआधी जाहीर करायला सांगितलं आहे, ते अक्षरशः अमलात यावं. फॅमिली मेडिसिनच्या जागा प्रत्येक सरकारी कॉलेजात निघाव्यात. यातलं काहीही झालं तर पहिला फायदा तुमच्या गावाला होईल.

आता भाचीबद्दल. तिला घरात बसू देऊ नका असं मी तिच्या आईवडिलांना सांगेन, पण अभ्यास सोड असंही म्हणू नका. आठवड्यातले दोन-तीन दिवस तिने जवळच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीला काम करावं. रुग्ण बघितला की वाचलेलं बसतं, आणि मुख्य म्हणजे आपण डॉक्टर आहोत हे दिवसातून काही तास तरी आठवतं. यंदा पसंतीक्रम भरताना केवळ एमडी-एमएसवर थांबू नये. डीएनबीच्या जागा त्याच केंद्रीय समुपदेशनात असतात, चांगल्या मोठ्या रुग्णालयांत असतात, आणि ती पदवी एमडीच्या बरोबरीची आहे. दोन वर्षांच्या पदविकाही बघाव्यात, भूलशास्त्राची तर नक्कीच. लोक त्या ब्रांचला नाक मुरडतात, पण भूलतज्ज्ञ मिळाला तर आमचं ऑपरेशन थिएटर रात्रभर चालू राहील. राज्याच्या सीईटी सेलचे राउंड आणि केंद्राचे राउंड यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. कुठल्या राउंडनंतर जागा सोडली तर अनामत जाते आणि पुढच्या फेरीतून बाद होतो, हे नियम दरवर्षी नव्याने वाचावे लागतात, मागच्या वर्षीच्या मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नये.

तिचा रँक, कॅटेगरी आणि कुठल्या ब्रांच चालतील एवढं मला ईमेलवर कळवायला सांगा. मागच्या वर्षीच्या राउंडनिहाय वाटपाच्या याद्या माझ्याकडे आहेत. रविवारी दुपारी मी मोकळी असते, फोनवर तिच्याबरोबर बसून यादी लावून देईन.