‘सुलताना’ बॉम्बने नव्हे, ठिगळाने गेली

‘सुलताना ही अमेरिकन आगबोट यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बंडखोरांच्या हेराने कोळशात बॉम्ब लपवून उडवली, मरताना तसं कबूलही केलं, बोट धडधाकट होती,’ अशी पोस्ट पुन्हा फिरते आहे. यातलं काहीच टिकत नाही.

आधी कबुली. रॉबर्ट लाउडन हा हेर खरा, आगबोटी जाळण्यात त्याचा हात होता हेही खरं. पण कबुली त्याच्या हातची नाही. स्ट्रीटर नावाच्या माणसाने १८८८ मध्ये, घटनेला २३ वर्षं झाल्यावर, ‘लाउडन मला असं म्हणाला होता’ एवढंच सांगितलं.

बॉम्बचं म्हणाल, तर कोळशासारखे दिसणारे बॉम्ब त्या युद्धात होते. पण तो फुटणार कुठे? भट्टीत. सुलतानाचा स्फोट झाला बॉयलरच्या मागच्या, वरच्या भागात, भट्टीपासून लांब.

आणि ‘धडधाकट बोट’ वाचून तर मला संताप येतो. मिसिसिपी नदीवरच्या व्हिक्सबर्गला तिचा बॉयलर गळत होता. कारागीर पत्रे बदलायला सांगत होता, त्यात काही दिवस गेले असते. कॅप्टन मेसनला थांबायचं नव्हतं. धक्क्यावर कैदेतून सुटलेले युनियनचे, म्हणजे उत्तरेकडचे, सैनिक घरी जायला उभे होते आणि सरकार दर शिपायामागे पैसे मोजत होतं. फुगलेल्या जागी मूळ पत्र्याहून पातळ ठिगळ मारलं आणि ३७६ जणांच्या लाकडी बोटीवर दोन हजारांहून जास्त माणसं चढवली. मेम्फिसला साखरेची पिंपं उतरवल्यावर तळाचं वजन गेलं, गर्दी मात्र वरच राहिली. बोट कलली की एकमेकांना जोडलेल्या बॉयलरमधलं पाणी एका बाजूला जायचं, उघडा पडलेला पत्रा तापायचा. त्यात मिसिसिपीचा गाळ बॉयलरमधल्या बारीक नळ्यांत बसायचा. पुढच्याच वर्षी अशाच नळ्यांच्या बॉयलरच्या ‘मिसूरी’ आणि ‘डब्ल्यू. आर. कार्टर’ या बोटीही फुटल्या. तिथेही लाउडनच होता का?

२७ एप्रिल १८६५, पहाटे दोनच्या सुमारास, मेम्फिसच्या वरच्या अंगाला बॉयलर फुटले. निखारे लाकडावर पडले आणि बोट पाण्यापर्यंत जळाली. अँडरसनव्हिल आणि कहाबा इथल्या बंडखोरांच्या कैदी-छावण्यांतून हाडांचे सापळे होऊन आलेले ते जवान पुराच्या थंडगार पाण्यात किती वेळ पोहणार? कमीत कमी आकडा धरला तरी ११०० हून जास्त गेले.

मेसनही त्यात गेला. गर्दीसाठी कॅप्टन स्पीड या एकट्या अधिकाऱ्याला लष्करी न्यायालयाने दोषी ठरवलं. तो निकालही पुढे फिरवला गेला.