मराठीच्या उच्चारांवर पोट भरायचं तर

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा इथे अमेरिकेतही आम्ही मनापासून आनंद केला. पुढच्याच वर्षी पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून रान पेटलं आणि २९ जूनला सरकारने त्याबद्दलचे दोन्ही शासन निर्णय रद्द केले. ते बरं झालं. पण या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कानावर आला नाही: मराठीचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्याने पोट कशावर भरायचं? मी फोनॉलॉजी, म्हणजे भाषेची ध्वनिव्यवस्था शिकवते, म्हणून हा प्रश्न मला छळतो.

'आमचा'मधला 'च' दातांपाशी उच्चारला जातो, 'आमची'मधला टाळूकडे सरकतो. हे कुणी शिकवत नाही, तरी मराठी घरातलं मूल शाळेत जाण्याआधीच ते बिनचूक करतं. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो. याला अशुद्ध म्हणून आपण मोकळे होतो, पण तिथे 'ळ'च्या जागी 'य' येतो तो नियमाने. असे नियम गावोगावी जाऊन ऐकायचे, मोजायचे, मांडायचे. आयुष्य पुरणार नाही एवढं काम आहे.

परदेशात या कामाला प्रयोगशाळा मिळते, वाचनालय मिळतं. मराठीला मात्र इथे उदाहरणापुरतीच जागा. शोधपत्रिकेला बोलीचं नुसतं चोख वर्णन पाठवलं की परीक्षक विचारतात, सिद्धान्तात यातून भर काय पडली? कायम नोकरीसाठी अशा वर्णनाचं वजन कमी पडतं. त्यात जागा मोजक्या, अर्जांचा ढीग. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर (म्हणजे शब्द कसे घडतात यावर) पीएचडी करून १९५८ मध्ये मोकळे झाले, भारतात परतले आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत राहिले. माझ्याकडे शिकणाऱ्या मराठी मुलीला 'तूही परत जा' असं मी कोणत्या नोकरीच्या भरवशावर सांगू?

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून ते इंटरनेटवर खुलं केलंय. दर्जाइतकंच त्याचंही कौतुक व्हायला हवं होतं. पण प्रकल्पाला मुदत असते आणि मुदत संपली की तयार झालेली माणसं दुसरी नोकरी शोधतात. अभिजात म्हणून जो निधी येईल तो आधी पगारांवर खर्च करा. राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या मराठी विभागात बोलींचे उच्चार अभ्यासणारा एक तरी कायमचा प्राध्यापक हवा, आणि दरवर्षी गावोगाव फिरायला त्याच्या हाताशी पैसा हवा.