टेलिकॉम विकून टाका म्हणणाऱ्यांना

आज दुपारी एका बारशाला गेले होते. जेवणं झाली, गप्पा निघाल्या आणि बँकेत नोकरीला असलेला एक तरुण मुलगा सहज बोलून गेला, "सरकारने टेलिकॉमचा उरलेला हिस्सापण फ्रेंचांना देऊन टाकावा. देशाची कंपनी वगैरे आता जुन्या गोष्टी झाल्या." बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच्या शुभकार्यात आवाज चढवायचा नाही म्हणून मी गप्प बसले. पण घरी आल्यावर राहवेना.

पुण्यामुंबईच्या मंडळींसाठी सांगते. इथे मॉरिशसमध्ये नुसतं 'टेलिकॉम' म्हटलं की मॉरिशस टेलिकॉम. १९९२ साली दोन सरकारी कंपन्या एकत्र करून ती झाली. २००० साली सरकारने तिचा ४० टक्के हिस्सा फ्रान्स टेलिकॉमला, म्हणजे आताच्या ऑरेंजला, २६ कोटी १० लाख डॉलरला विकला. उरलेला सरकार, स्टेट बँक ऑफ मॉरिशस आणि पेन्शन फंडाकडे आहे, आणि जेमतेम एक टक्का कर्मचाऱ्यांकडे. आता तोही नको झालाय आपल्याला!

आमच्या घरमालकीण मावशी मूळच्या कास्कावेलच्या. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर कामाला आले. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, लाइनमन होते. सरकारी टेलिफोन खात्यात लागले. खात्याची कंपनी झाली, कंपनीचं नाव बदललं, काका मात्र कमरेला पट्टा बांधून खांबावर चढतच राहिले. फेब्रुवारी १९९४ मध्ये होलांदा वादळ आलं. घराचे पत्रे उडाले, ऊस आडवा झाला, आणि वारा पुरता पडायच्या आतच काकांना न्यायला गाडी दारात उभी. दोन-तीन रात्री माणूस घरी आला नाही. आला तेव्हा मावशींनी विचारलं, आधी कुणाची लाइन जोडली? म्हणाले, दवाखान्याची. मग पोलिसांची. मग समुद्राकाठच्या वस्तीतल्या दुकानाची, कारण अख्ख्या वस्तीत मिळून तेवढा एकच फोन होता. मळ्याच्या साहेबाचा बंगला सगळ्यात शेवटी.

मला टेलिकॉमबद्दल जे म्हणायचंय ते सगळं या क्रमात आहे. बिल कुणाचं मोठं येतं हे बघून तो लागला नव्हता.

आधीचा क्रम कसा होता तेही बघा. या बेटावर १८८३ साली पहिली टेलिफोन लाइन आली, ती पोर्ट लुईच्या सरकारी कचेरीपासून गव्हर्नरसाहेबांच्या ले रेद्युईच्या बंगल्यापर्यंत. १८९३ साली सेशेल्स आणि झांझिबारकडून समुद्राखालून तार आली, तीही ब्रिटिश कंपनीची. १९०१ साली डर्बनहून ऑस्ट्रेलियाला केबल टाकली, ती मॉरिशसवरून पुढे रॉड्रिग्स बेटावर नेली. हे बेटही मॉरिशस देशाचाच भाग. का? रॉड्रिग्सच्या मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना बोलता यावं म्हणून नव्हे. साम्राज्याच्या वाटेत ते बेट पडत होतं म्हणून. पुढे साम्राज्याला गरज उरली नाही, ती केबल बंद झाली आणि रॉड्रिग्सची माणसं सॅटेलाइटच्या भरवशावर राहिली. समुद्राखालून नवी केबल त्यांना मिळाली २०१९ साली! सातशेएक किलोमीटरची मार्स केबल. एवढ्याशा लोकसंख्येसाठी समुद्राखालून एवढी लांब तार टाकणं कुठल्याही नफ्याच्या हिशेबात बसत नाही. ती टाकली गेली, कारण या देशात अजून कुणाला तरी वाटतं की रॉड्रिग्सची पोरंही आपलीच आहेत.

आणि हे 'आपलं' फुकट मिळालेलं नाही. स्वातंत्र्य १९६८ चं. पण परदेशी बोलायच्या तारा १९८५ पर्यंत केबल अँड वायरलेस या ब्रिटिश कंपनीच्याच हातात होत्या. झेंडा आपला, राष्ट्रगीत आपलं, आणि बेटाबाहेर एक शब्द पाठवायचा तर मालक लंडनला. त्या वर्षी सरकारने स्वतःची कंपनी काढून ते काम हातात घेतलं. मावशी सांगतात, काकांनी त्या दिवशी ऑफिसातून मिठाई आणली होती. ज्या पोराला आज हे 'जुनं' वाटतं, त्याच्या आजोबांना विचारावं त्याने.

हो, मान्य आहे, एकाच कंपनीच्या राज्यात फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. खुद्द काकांच्या घरी फोन नव्हता तेव्हा, अख्ख्या पंचक्रोशीला जोडून देणाऱ्याचा स्वतःचा अर्ज रांगेत पडून होता. मोबाइलही आधी खासगी एमटेलनेच आणला, १९८९ साली, टेलिकॉमचा सेलप्लस १९९६ ला आला. २००३ पासून बाजार खुला झाला, त्याचा फायदा मलाही होतो. ठीक आहे. स्पर्धा असू दे. स्पर्धा असणं वेगळं आणि घराचा मुख्य दरवाजा विकणं वेगळं.

कारण बेटाला दरवाजे मोजकेच असतात. इथला एक दक्षिणेला बे द्यु जाकोतेला आहे. २००२ साली सुरू झालेली समुद्राखालची सेफ केबल तिथल्या केबल स्टेशनात किनाऱ्याला लागते, एका बाजूला दक्षिण आफ्रिका आणि दुसऱ्या बाजूला आपलं कोची आणि पुढे मलेशिया. याच जागेवरून २०२२ साली काय रामायण झालं आठवतंय ना? टेलिकॉमचे प्रमुख शेरी सिंग यांनी राजीनामा दिला आणि आरोप केला की तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी बाहेरच्या लोकांना त्या स्टेशनात यंत्रं बसवू द्या म्हणून दबाव आणला. बाहेरचे म्हणजे भारतातून आलेलं पथक. जगन्नाथ म्हणाले, ती सुरक्षेसाठीची पाहणी होती. मी भारतीय आहे आणि तरी सांगते, मला ते आवडलं नव्हतं. कोणाच्याही घराच्या दारात दुसऱ्याने परस्पर यंत्र लावायची नुसती शंका आली तरी ती वाईटच. मग ते दुसरे आपण का असेना.

आणि नोव्हेंबर २०२४! निवडणूक तोंडावर आलेली, 'मिसिए मुस्तास' (मिशीवाले साहेब) या टोपणनावाने कुणीतरी चोरून टेप केलेल्या फोनवरच्या संभाषणांच्या क्लिपा बाहेर काढत होतं, आणि एका सकाळी अख्ख्या देशाचा सोशल मीडिया बंद करायचा हुकूम. दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. लोकांनी दहा तारखेला मतपेटीतून काय उत्तर दिलं, जगन्नाथांचं सरकार कसं घालवलं, ते सगळ्या जगाने पाहिलं.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल, बघा, सरकारच्या हातात कंपनी असली की असंच होतं. अहो, तो हुकूम दूरसंचार नियामकाने सगळ्याच कंपन्यांना दिला होता, खासगीलाही! मालक बदलून हुकूम थांबत नाहीत, ते कायद्याने थांबवावे लागतात. राज्यकर्त्यांना तारेत नाक खुपसू न देणं हे एक काम, आणि तार लोकांच्या मालकीची ठेवणं हे दुसरं. एक जमलं नाही म्हणून दुसरं सोडून द्यायचं?

मुंबईकरांनो, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. तुमच्या एमटीएनएलची एक उपकंपनी इथेही मोबाइल सेवा देते, आणि तिकडे मूळ कंपनीचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. सरकारी कंपनी आधी दुबळी होऊ द्यायची आणि मग ती दुबळी आहे म्हणून नाक मुरडायचं. इथे अजून तशी वेळ आलेली नाही. फायबर डोंगरातल्या गावांपर्यंत गेलंय. मावशी रोज संध्याकाळी रॉड्रिग्सला असलेल्या लेकीशी व्हिडिओवर बोलतात, नातवाला मराठी आरती शिकवतात. काका असते तर फार खूश झाले असते. लिहितालिहिता राग थोडा निवळलाय माझा, तो मुलगाही काही वाईट नाही, त्याला ही माहिती कोणी दिलीच नसेल.

पण म्हणणं तेच आहे. उरलेल्या हिश्श्यातला एक शेअरही विकायचा तर आधी नॅशनल असेंब्लीत, म्हणजे इथल्या संसदेत, उघड मतदान व्हावं, आणि रॉड्रिग्सच्या लोकांना त्यात बोलू द्यावं. केबल स्टेशनला न्यायालयाच्या हुकुमाशिवाय कोणी हात लावणार नाही असा कायदा त्याच्याही आधी व्हावा. येत्या रविवारी आमच्या मंडळाची बैठक आहे, तिथे मी हा विषय मांडणार आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी तर नक्की यावं.