किचन दाखवलं, भाकरी कुठं करायची ते नाही दाखवलं

आज लातुरात नात्यातल्या एका बंगल्याची वास्तुशांती होती. जेवण झकास, आहेर-मानपान सगळं रीतसर. तरी डोकं फिरवून घरी आलेय आणि साडी बदलायच्या आधी हे लिहायला बसलेय.

घर दाखवायला यजमान पुढं, मागं आम्ही बायका. डबल हाइटचा हॉल, झुंबर, पीओपी, टीव्हीच्या मागं दगडासारखा दिसणारा कागद. जिना हॉलमधूनच वर जातो, काचेचं रेलिंग. ओपन किचन, काळं ग्रॅनाइट, चिमणी. सगळ्याजणी "अय्या, किती छान" करत होत्या. मी पाणी प्यायला म्हणून मागच्या दारानं गेले तर कंपाउंडच्या भिंतीलगत तीन फुटांच्या बोळीत घरातली थोरली बाई उकिडवी बसलेली. विटांवर शेगडी, पुढ्यात काठवट. आचाऱ्याच्या पुऱ्या त्यांना सोसत नाहीत, म्हणून स्वतःपुरत्या दोन भाकरी थापत होत्या. म्हणलं, काकू, इथं काय करायलाव? तर म्हणाल्या, "तिथं काळं पडतंय म्हणं. अन् वरी हात बी पुरत नाही."

जिच्या नावावरचं रान विकून हा प्लॉट घेतला, ती बाई बोळीत!

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाकरीगणिक पीठ मळावं लागतं, तेही तळहाताच्या बुडानं, अंगाचा सगळा भार टाकून. तो भार वरून खाली पडायला पाहिजे. ओटा सरसकट बत्तीस-चौतीस इंचांचा, आणि आपल्याकडच्या आज्या पावणेपाच फूट. त्यांनी टाचा उंचावून पीठ मळायचं का? बरं, हे इंजिनिअरला कळत नाही असं नाही. त्याची आईही भाकरीच करते. त्याला कुणी विचारत नाही आणि तो कुणाला विचारत नाही, एवढंच.

आमच्या घराच्या वेळची गोष्ट जवळच्यांना पाठ आहे, तरी सांगते. नकाशा घेऊन इंजिनिअर आला. मुलगा हुशार, बोलायला गोड. ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैर्ऋत्येला मास्टर बेडरूम. दिशा सगळ्या विचारल्या, माणसं एकही विचारली नाहीत. आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, चष्मा लावून कागद उलटासुलटा करत होत्या. म्हणाल्या, "समदं बेस हाय. मी भाकरी कुठं करू?" तो म्हणाला, आजी, मॉड्युलर किचन आहे की. त्या म्हणाल्या, मागच्या पडवीत बसायला कट्टा पाहिजे. जमिनीवर बसलं की उठता येत नाही, उभं राहिलं की कंबर धरते. त्यावर हा मला हळूच म्हणतो, "मॅडम, असलं काही केलं की रिसेल व्हॅल्यू जाते."

आत्याबाईंचे कान अजून तिखट आहेत. "इकायचं म्हणून बांधायलाव का रं बाबा?"

कट्टा झाला. दीड फूट उंच, चार बाय पाच, खुर्चीवर बसावं तसं कडेला टेकायचं आणि पाय वर घ्यायचे. शेगडी समोर, काठवट मांडीपुढं, डोक्यावर स्लॅब, पूर्वेचं ऊन. आता सकाळचा चहा तिथंच होतो, शेंगा तिथंच फोडल्या जातात, आणि पाहुणे हॉलमधला सोफा सोडून तिथंच टेकतात. रिसेल व्हॅल्यू म्हणे.

ही रिसेल व्हॅल्यू कोण बघतंय मला सांगा. आपल्याकडं माणूस आयुष्यात एकदा घर बांधतो, तेही पीएफ काढून, बायकोचं सोनं गहाण टाकून. आणि बांधतो कुणासाठी, तर न आलेल्या गिऱ्हाइकासाठी आणि वर्षातून एकदा येणाऱ्या व्याह्यासाठी! रोज राहणाऱ्यांची सोय शेवटी, उरलेल्या बोळीत.

आजच्या बंगल्यात पश्चिमेला अख्खी काच लावलीय. लातुरात! मे महिन्यात बेचाळीसच्या पुढं पारा जातो आणि चार वाजता लाइट जाते. छज्जा नाही, कारण छज्ज्यानं एलिव्हेशन, म्हणजे घराचं दर्शनी रूप, बिघडतं. मग आतून जाड पडदे, आणि भर दुपारी ट्यूबलाइट. वर्षाची ज्वारी कुठं ठेवणार विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. क्रॉकरीला सहा फुटांचं काचेचं कपाट आहे, ज्वारीला कोपरा नाही. जिना आतून, म्हणजे उन्हाळ्यात कुरडयांची परात घेऊन सुनेनं पाहुण्यांच्या मधून गच्चीवर जायचं.

आणि पाणी. दोन हजार लिटरचा हौद! अरे, २०१६ च्या एप्रिलात याच गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या गाडीत दहा डबे, पाच लाख लिटर. फोटो काढायला आपणच गेलो होतो ना? शहराच्या पाण्याचा सरकारी हिशोब माणशी रोज १३५ लिटर धरतात. पाच माणसांच्या घराला दहा दिवसांचे पावणेसात हजार लिटर होतात. नळाची पाळी लांबली की दहा दिवस कसे जातात ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. हॉल चार फूट कमी करा, हौद दहा हजारांचा करा. झुंबर पिता येत नाही.

आता कुणीतरी म्हणणारच, मॅडमला जुने वाडे पाहिजेत, माळवद म्हणजे मातीचं सपाट छत पाहिजे, ढाळज म्हणजे दारातली बसायची ओसरी पाहिजे. नाही पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट या भागात कुणी विसरलेलं नाही. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारीच्या पट्ट्यात माणसं मेली ती त्याच जाड दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. कॉलम-बीम पाहिजेत, तिथं तडजोड नाही. मान्य.

पण पुढचंही आठवा की. नंतर बावन्न गावं नव्या जागी उठवून बसवली. घरं पक्की, रस्ते रुंद, ओळीनं आखलेली कॉलनी. आणि बैल कुठं बांधायचा? कडबा कुठं रचायचा? लोकांनी काय केलं, तर सिमेंटच्या घरापुढं पत्रे ठोकले, कुडं घातली, शेड काढलं, आणि संसार तिथं मांडला. तिथं निदान घाई होती, हजारो लोक उघड्यावर होते, एकेकाला विचारत बसायला वेळ कुणाला होता. तुम्हाला कसली घाई आहे? तुमच्या घरात पाच माणसं. पाच जणांना विचारायला एक संध्याकाळ पुरते.

आत्याबाईंना कुणी विचारलं नव्हतं, त्या स्वतः बोलल्या म्हणून कट्टा झाला. बोलणाऱ्या सगळ्या नसतात. आजच्या काकू नाही बोलल्या. आणि बोलल्या असत्या तरी "आई, तुला त्यातलं काय कळतंय" हे उत्तर तयारच असतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला, तेव्हा हेही लिहिते. ज्याचं घर आहे तो माझ्याच वयाचा. लहानपणी चार पत्र्यांच्या खोलीत राहिला, पावसाळ्यात पुस्तकं बाजेवर आणि बाज विटांवर. त्याला वीस फूट उंच छत का पाहिजे होतं ते मला कळतं. हॉलच्या मधोमध उभं राहून तो वर बघत होता तेव्हा मलाही भरून आलं. त्याला मी तोंडावर काही बोलले नाही, आणि बोलणारही नाही. पण ज्यानं नकाशा काढून फी घेतली त्यानं एकदा तरी विचारायचं होतं: सकाळी पहिलं कोण उठतं, रात्री बाथरूमला कोण जातं, गावाकडून दवाखान्याला आलेला माणूस कुठं झोपतो, नीटचा अभ्यास करणारी भाची घरात असेल तर टीव्हीचा आवाज तिच्यापर्यंत जातो का. याचे वेगळे पैसे पडत नाहीत. पडले तर द्या, झुंबरापेक्षा स्वस्त जाईल.

फरशी, रंग, हँडल हे सगळं मागाहून बदलता येतं. हौद, जिना आणि पश्चिमेची भिंत नाही बदलत. दुकानात मात्र आपण हँडल निवडायला अख्खा रविवार घालवतो.

ज्यांचं जोतं अजून व्हायचंय त्यांनी नकाशा घेऊन बिनधास्त आमच्याकडं यावं. मी काही इंजिनिअर नाही, पैसेही घेत नाही. फक्त घरातल्या थोरल्या बाईला सोबत आणा, ती नसेल तर मी कागद उघडणार नाही. कट्ट्यावर बसू, आत्याबाई भाकरी घालतील आणि प्रश्नही त्याच विचारतील. येण्याआधी तेवढा फोन करा, उद्या-परवा आमच्या गल्लीत नळाची पाळी आहे.